डब्यावरचे नाव राखताना: नव्या खाद्यउद्योजकांसाठी मार्गदर्शक

घरी कांडलेला गोडा मसाला शेजारीपाजारी जातो, तोवर त्याचे नाव म्हणजे तो करणाऱ्या बाईचेच नाव असते. ‘काकूंचा मसाला’ एवढे म्हटले की पुरते, आणि एखाद्या वर्षी तो जरा जास्त भाजला गेला, तर लोक ते काकूंना जिन्यात गाठून सांगतात. तोच मसाला छापील पाकिटात भरून दुकानाच्या फळीवर गेला, की घेणाऱ्याला काकू दिसत नाहीत, फक्त नाव दिसते. हे नाव बहुधा दोन वाटांनी जाते: दुसरा कोणी ते उचलतो, किंवा आपणच ते घालवतो. नवे उद्योजक पहिल्या वाटेची काळजी फार करतात आणि दुसरीची फार कमी. मसाले आणि लोणच्यांच्या धंद्यात इतकी वर्षे घालवल्यावर माझा अनुभव नेमका उलटा आहे. तरीही सुरुवात कागदपत्रांपासून करणे सोयीचे, कारण ते काम एकदा नीट केले की बरीच वर्षे पुन्हा पाहावे लागत नाही.

नाव निवडताना

पाकिटाचे डिझाइन करायला देण्यापूर्वी नाव तपासावे. केंद्र सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर व्यापारचिन्हांचा, म्हणजे ट्रेडमार्कचा, शोध विनामूल्य घेता येतो. तेथे केवळ हुबेहूब नाव शोधून थांबू नये. उच्चाराने जवळ जाणारी नावेही पाहावीत, कारण नोंदणी अधिकारी आणि पुढे वेळ आलीच तर न्यायालय, दोघेही सामान्य गिऱ्हाईक फसेल का, याच कसोटीवर नावे तोलतात.

मालाचे वर्णन करणारी नावे टाळावीत. ‘अस्सल चव’, ‘गावरान मसाला’, ‘ताजे लोणचे’ ही नावे पहिल्या दिवशी छान वाटतात, पण वस्तूचा गुण किंवा प्रकार सांगणारा शब्द एकाच्या मालकीचा होऊ नये, अशी ट्रेडमार्क कायदा १९९९ ची भूमिका आहे, आणि अशा अर्जावर हरकत निघणे जवळजवळ ठरलेले असते. ज्या शब्दाचा मसाल्याशी काही संबंध नाही, तो शब्द राखायला सर्वांत सोपा.

आडनावाच्या मोहाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण महाराष्ट्रात ‘अमुक बंधू’ आणि ‘तमुक आणि मंडळी’ यांची परंपरा मोठी आहे. आडनाव वापरण्यात बेकायदेशीर काही नाही. मात्र कोणी स्वतःच्याच नावाने प्रामाणिकपणे व्यवसाय करत असेल, तर त्याला केवळ त्या नावावरून अडवता येत नाही, अशी तरतूद याच कायद्याच्या ३५ व्या कलमात आहे. म्हणजे आपण वीस वर्षे खपून आडनावाला किंमत आणावी आणि चार गल्ल्या पलीकडे त्याच आडनावाच्या दुसऱ्या गृहस्थाने मसाल्याचे दुकान उघडावे, असे घडू शकते. त्याने आपल्या पाकिटाचा रंग आणि अक्षरांचे वळण उचलले तरच आपली बाजू बळकट होते. गावाचे नाव वापरतानाही सावध असावे. भिवापूरची मिरची, वायगावची हळद, कोल्हापूरचा गूळ यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला लावता यावे यासाठीची सरकारी नोंद, मिळालेले आहे. मिरची दुसऱ्याच बाजारातून आणायची आणि पाकिटावर मात्र ‘भिवापुरी’ छापायचे, हा नाव राखण्याचा नव्हे, घालवण्याचा मार्ग आहे.

अर्ज, आणि अर्जानंतरची वर्षे

ट्रेडमार्कसाठी मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, तर लोणची २९ व्या वर्गात, त्यामुळे दोन्ही विकणाऱ्याने एकाच वर्गात अर्ज करून निश्चिंत राहू नये. अर्ज ‘टीएम-ए’ या नमुन्यात ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,००० रुपये. लघुउद्योगाची सवलत घेण्यासाठी उद्यम नोंदणीचे, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

अर्ज भरला म्हणजे काम झाले, हा नवख्यांचा सर्वांत महागात पडणारा समज आहे. अर्जाची तपासणी होते व बहुतेक वेळा हरकतींचा अहवाल येतो. त्याला महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. त्यातून अर्ज पार पडला, की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोधाची नोटीस आपल्याला मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे त्या विरोधाला लेखी उत्तर, दिले नाही, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. ही सगळी पत्रे अर्जात दिलेल्या ई-मेलवर येतात, आणि तो ई-मेल पुष्कळदा अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटाचा असतो. तेव्हा ई-मेल स्वतःचा द्यावा, आणि महिन्यातून एकदा अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहावी. जर्नलमध्ये नाव झळकल्यावर ‘आणखी शुल्क भरा’ अशी सरकारी वळणाची पत्रे खासगी मंडळींकडून येतात; अधिकृत संकेतस्थळाबाहेर एक रुपयाही भरू नये.

नावाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरे नोंदणीशिवायही लावता येतात, परंतु वर्तुळातला ‘आर’ नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावावा. आधी लावणे कायद्याला मान्य नाही. आणखी एक गोष्ट जुन्या फायलींत शोधून ठेवण्यासारखी आहे, ती म्हणजे या नावाने फाडलेले पहिले बिल. आपल्या कायद्यात आधी वापर करणाऱ्याला मोठे महत्त्व आहे, आणि पुढे वाद झाला तर त्या पिवळ्या पडलेल्या बिलाइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

घरातल्या घरात

अर्ज नेमका कोणाच्या नावाने करायचा, हे बसून ठरवावे. भागीदारी असेल तर नावाची मालकी संस्थेची की एखाद्या भागीदाराची, आणि भागीदारी मोडली तर ते नाव कोण वापरणार, हे भागीदारीपत्रात स्पष्ट लिहावे. दोघे भाऊ एकत्र राबत असतात तोवर हा विषय काढणे अप्रशस्त वाटते, आणि वेगळे होण्याची वेळ आली की तो काढण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसते. बचतगटाने कायद्याने गटाचे स्वरूप काय आहे ते आधी तपासावे; अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर नोंदलेले नाव त्यांच्यानंतर गटाकडे आपोआप येत नाही.

हीच गोष्ट लोगोची. भाच्याच्या मित्राने दोन हजारांत लोगो काढून दिला, तरी त्या चित्राचे हक्क लेखी करार करून आपल्याकडे घ्यावेत. आणि समाजमाध्यमांवरील पाने, गूगलवरील व्यवसायाची नोंद, संकेतस्थळाचे नाव हे सारे व्यवसायाच्या स्वतंत्र ई-मेलवर व स्वतंत्र मोबाइल क्रमांकावर उघडावे. पान सांभाळणारा मुलगा चांगली नोकरी मिळून पुण्याला गेला आणि पान त्याच्या खासगी खात्यावर राहिले, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे, की हल्ली कोणी सल्ला विचारायला आले की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

आडात काय आहे

आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण या विषयात अगदी शब्दशः लागू पडते. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचे उदाहरण येथे देतो. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेले हे काम पुढे हजारो घरांत पसरले, पण पीठ मळण्याचे काम संस्थेच्या केंद्रांतच राहिले. बायका तेथून पीठ घरी नेतात, लाटून वाळवतात आणि पापड केंद्रावर परत देतात, तेथे ते तपासून घेतले जातात. ज्या टप्प्यावर चव ठरते तो टप्पा त्यांनी आपल्या हाताखाली ठेवला, आणि ज्याने चव बदलत नाही तो मोकळा सोडला. मागणी वाढली म्हणून काम बाहेर देताना प्रत्येकाने हा विचार करावा. गोड्या मसाल्यात हा टप्पा भाजण्याचा असतो, आणि दगडफूल कितपत परतायचे हे बाहेरच्या कांडपवाल्यावर सोडून चालत नाही.

यानंतर बॅच वही. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकासमोर तारीख, धणे, खोबरे, तीळ वगैरे माल कोणत्या व्यापाऱ्याच्या कोणत्या बिलाचा, भाजायला कोण होते, किती पाकिटे भरली आणि ती कोणत्या दुकानांत गेली, एवढे लिहावे. त्याच घाण्यातली दोन पाकिटे नमुना म्हणून बाजूला ठेवावीत आणि वापराची मुदत संपून महिना उलटेपर्यंत टाकू नयेत. पाकिटावर बॅच क्रमांक, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, तारखा, आणि तक्रारीसाठी पत्ता, दूरध्वनी व ई-मेल छापणे कायद्याने लागतेच. मात्र तो दूरध्वनी उचलणारे माणूस हवे, हे कायदा सांगत नाही, ते आपण पाहायचे असते.

पाकिटावरचे दावेही याच सदरात मोडतात. जे सिद्ध करता येत नाही ते छापू नये. ‘१०० टक्के’ हा शब्दप्रयोग अन्नपदार्थांच्या पाकिटांवर व जाहिरातींत करू नये, असे एफएसएसएआयने २०२५ मध्ये बजावले आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१५ च्या जून महिन्यात मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली, तेव्हा शिशाच्या प्रमाणासोबतच, पाकिटावरचा ‘मोनोसोडियम ग्लुटामेट घातलेले नाही’ हा मजकूरही आक्षेपाचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती बंदी रद्द केली, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला सांगितले आणि त्या पार पडल्यावर नोव्हेंबरात माल पुन्हा बाजारात आला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही अखेर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालानेच तारले. आपल्यासारख्यांनी वर्षातून निदान एकदा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून मसाल्याची चाचणी करून घ्यावी आणि अहवाल फाइलला लावावा.

तक्रार आली त्या रात्री

काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने आमच्या गोड्या मसाल्याला एक तारा दिला आणि खाली दोनच शब्द लिहिले: ‘खवट वास’. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी त्याच क्षणी उत्तर टाकले, ‘आमच्याकडे आजवर अशी तक्रार कधीही आलेली नाही.’ वाक्य खरे होते, आणि त्याचा अर्थ एवढाच होत होता की तुम्ही खोटे बोलता. सकाळपर्यंत त्याखाली आणखी तिघांनी ‘आमचाही तसाच निघाला’ असे लिहिले होते. मग मी वही काढली. तिघांपैकी दोघांच्या पाकिटांचा क्रमांक एकच होता. त्या घाण्याला खोबरे नेहमीच्या व्यापाऱ्याकडचे नव्हते, मे महिन्याच्या गर्दीत घाईने दुसरीकडून उचललेले होते. राखलेला नमुना फोडला, आणि पाकीट नाकाजवळ नेण्याचीही गरज पडली नाही. सत्तर पाकिटे परत आणली. पाकिटांचे नुकसान फारसे नव्हते; ते रात्रीचे उत्तर मात्र पुढे दोन वर्षे लोक मला दाखवत होते.

तेव्हापासून नियम केला, की आधी वही उघडायची, मग तोंड. पण वही पाहायला वेळ लागत असेल तर गप्प बसूनही चालत नाही. अशा वेळी आम्ही साधारण असे लिहितो:

‘नमस्कार. आपण घेतलेल्या मसाल्याला खवट वास येत असल्याचे वाचले; असे व्हायला नको होते. पाकिटाच्या मागच्या बाजूला असलेला बॅच क्रमांक कृपया कळवावा. त्याच बॅचचा आमच्याकडे ठेवलेला नमुना तपासून, काय आढळले ते उद्या संध्याकाळपर्यंत येथेच लिहितो. पाकीट कृपया टाकून देऊ नये. ते आमच्या खर्चाने मागवून घेऊ आणि आपले पैसे परत करू.’

यात दोष मान्य केलेला नाही आणि नाकारलेलाही नाही. ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ असे लिहिले की ते पाळावेच लागते, म्हणून जी वेळ पाळता येईल तीच लिहावी. ‘येथेच’ हा शब्द मुद्दाम आहे: तक्रार चारचौघांत झाली असेल तर तिचा निकालही चारचौघांतच लावावा, ‘कृपया आम्हाला खासगीत संदेश पाठवा’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांवर वाचणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे यंत्रवत वाक्य मी कटाक्षाने टाळतो.

दोष आपला नसेल तर? तेही तसेच, पुराव्यासह आणि शांतपणे लिहावे. पाकीट उघडे ठेवल्याने मसाला दमट झाला असेल तर तसे सांगावे, शक्य तर नवे पाकीटही द्यावे, पण वाद जिंकण्याच्या नादी लागू नये. गूगलवरचा रिव्ह्यू केवळ वाईट आहे म्हणून काढला जात नाही. तो खोटा असेल, प्रतिस्पर्ध्याने लिहिलेला असेल किंवा विषय सोडून असेल, तर त्याची तक्रार गूगलकडे नोंदवता येते. सवलत देऊन चांगले रिव्ह्यू लिहवून घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि एकाच दिवशी, एकाच धाटणीत आलेली पंधरा कौतुके गिऱ्हाईक बरोबर ओळखते. अब्रुनुकसानीच्या नोटिशीचा विचार तर शेवटी करावा. ज्या तक्रारीकडे चाळीस जणांनी पाहिले असते, तिची नोटीस गेल्यावर चार हजार जण पाहतात.

तक्रार एकट्यादुकट्याची न राहता बातमी झाली, तर काय करावे, याचा धडा कॅडबरीच्या प्रकरणात सापडतो. २००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. कंपनीने प्रथम दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखवले. ते कदाचित खरेही असेल, पण चॉकलेट हातात घेऊन उभ्या असलेल्या आईला दुकानदाराचे गोदाम दिसत नाही, कंपनीचे नाव दिसते. पुढे कंपनीने धोरण बदलले, दुकानदारांना साठवणुकीचे प्रशिक्षण दिले, जानेवारी २००४ मध्ये हवाबंद वेष्टन आणले आणि मगच अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिरात केली. हा क्रम महत्त्वाचा: आधी वेष्टन, मग जाहिरात. जे आपल्या हातात आहे ते बदलून झाल्यावरच तोंड उघडण्याला अर्थ असतो.

नक्कल सापडली तर

बाजारात आपल्यासारखेच पाकीट दिसले, की पहिली उबळ दुकानदाराशी भांडण्याची येते. ती आवरावी. ते पाकीट गिऱ्हाईक म्हणून विकत घ्यावे, बिल मागून घ्यावे, दुकानाचा व फळीचा फोटो काढावा, आणि मगच वकिलाकडे जावे. नाव नोंदलेले असेल तर ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचा दावा आपण जेथे व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयातही दाखल करता येतो. नोंदलेले नसेल तरी आपले नाव आधीपासून बाजारात ओळखीचे आहे, हे सिद्ध करून दाद मागता येते, मात्र त्यासाठी जुनी बिले आणि जाहिराती काढाव्या लागतात. खोटे ट्रेडमार्क वापरणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑनलाइन बाजारपेठांवर नोंदणी क्रमांक दाखवून नकली माल काढायला लावता येतो, आणि ते बरेच लवकर होते.

आपल्या नावाचे खोटे पान काढून कोणी पैसे उकळत असेल, तर त्या माध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, पैसे गेलेल्या गिऱ्हाइकाला १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवायला सांगावे, आणि आपल्या खऱ्या पानावर एकच स्पष्ट सूचना लावावी: पैसे फक्त या क्रमांकावर द्यावेत.

नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते. मुदत संपण्याआधी वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ते हुकले तर जादा शुल्क भरून आणखी सहा महिन्यांची मुभा असते. सलग पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरले नाही, तर दुसरा कोणी ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करू शकतो, म्हणून चार नावे नोंदवून तीन कपाटात ठेवू नयेत. दहा वर्षांनंतरची ही तारीख मोबाइलमध्ये ठेवली तर मोबाइलबरोबर जाते, आणि प्रमाणपत्राच्या फाइलला सहसा कोणी हात लावत नाही. आम्ही ती बॅच वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहितो, आणि वही भरली की नव्या वहीत सर्वांत आधी तीच उतरवतो.